पडदा नसलेलं मरण

"हाक मारायची नाही, मावशी," दिग्दर्शक पुन्हा म्हणाला. "नाटकात तुम्हाला पडदा होता. इथे कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरच राहणार."

"मग त्याला उठवणार कोण?"

"मी. 'कट' म्हटलं की मेलेले काय, झोपलेलेसुद्धा उठतात."

सेटवर हशा पिकला. तीही ओठांतल्या ओठांत हसली, पण मनात काहीतरी डाचत राहिलं.

आता सिनेमा होत असलेल्या या शोकांतिकेतली राणी तिने रंगमंचावर उमेदीच्या वयापासून केली होती, आणि गेली काही वर्षं तिच्या मांडीवर मरणारा युवराज तिचा पोटचा मुलगा होता. नाटकात 'आईसाहेब' म्हणून लवणारं हे कार्टं एरवी 'ए आई' म्हणून घर डोक्यावर घ्यायचं. राणीची भूमिका तिला सासूबाईंकडून मिळाली, आणि भूमिकेबरोबर एक शिस्तही. पडदा पडला की जी रडली तिने मेलेल्याला घरच्या नावाने हाक मारायची. त्याआधी त्याने उठायचं नाही. रंगमंचावरचं मरण तिथेच ठेवून यायचं असतं, सासूबाई म्हणत, ते अंगाला लावून घरी न्यायचं नाही. तिने कधी कारण विचारलं नव्हतं. अंधारात ती मुलाच्या कानाशी वाकायची, "ऊठ रे ठोंब्या," आणि ठोंब्या उठायचा. एकदा तर चक्क घोरत होता.

"आई, त्यांचं डोकं खाऊ नकोस," छातीवर खोटं रक्त माखलेला मुलगा म्हणाला. "सिनेमा आहे हा. चल, रड एकदाची."

चित्रीकरण सुरू झालं. ती रडली. रडणं संपलं तरी कॅमेरा चालूच होता. आवाज नको म्हणून पंखे बंद केलेले. मुलाचं डोकं मांडीवर जड होत गेलं. ओठांवर आलेली हाक तिने दातांखाली धरून ठेवली.

दिग्दर्शकाने तोंड उघडायच्या आतच मुलगा उठून बसला.

"अरे बाबा, कट कुठे म्हटलं मी?"

"आईने हाक मारली ना."

सगळे तिच्याकडे वळले. "मावशी, जित्याची खोड!" दिग्दर्शक वैतागला.

"मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही."

ध्वनिमुद्रण करणाऱ्याने आपला हेडफोन काढून तिच्या कानांवर चढवला आणि सगळं पुन्हा ऐकवलं. तिचा हुंदका. कुणाच्या तरी पोटातली गुरगुर. मग नुसती खोलीची शांतता, आणि त्या शांततेत एकदम कपड्यांची सळसळ. तो उठला तेव्हाची. हाक कुठेच नव्हती.

तिने मुलाला बाजूला घेतलं. "काय म्हणाले मी?"

"'युवराज, उठा.' आवाज तुझाच होता. जरा लांबून आला, एवढंच."

तिने त्याचं मनगट धरलं. "चल, आपण घरी जाऊ."

"वेडी आहेस का? अख्खं युनिट खोळंबलंय." तो जाऊन आपल्या जागी आडवासुद्धा झाला.

दुसऱ्या वेळी ती रडलीच नाही. त्याने डोळे मिटताच तिने त्याचे खांदे धरले आणि ओरडली, "ऊठ रे ठोंब्या! ऊठ!"

तो हलला नाही.

"कट!" दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, काय हे!"

कट म्हटल्यावरही तो हलला नाही. ती हाका मारत राहिली. मग सावकाश त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं, आदराने, किंचित नवलाने.

"ठोंब्या कोण, आईसाहेब?"

सेटवर हसण्याचा कल्लोळ उठला. "पोरगं नंबरी आहे हं, मावशी!" कोणीतरी ओरडलं. ती त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू शोधत होती.

त्याने उजवा हात पुढे केला, आणि कोणीतरी लगबगीने येऊन आपल्याला उठवील म्हणून तो तसाच हवेत धरून थांबला.