दीपमाळेवरचा पाहुणा

बुवांचं आख्यान ऐन रंगात आलं असताना पेटीवर साथ करणाऱ्या दमयंतीताईंचा हात थबकला. देवळापुढच्या दीपमाळेवर एक पांढराशुभ्र पक्षी पंख पाडून बसला होता. असा पक्षी या किनाऱ्यावर कधी कोणी पाहिला नव्हता. ताईंच्या डोळ्यातल्या भिंगात ‘ओळख पटवत आहे’ अशी अक्षरं उमटली, तशा त्यांनी पापण्या घट्ट मिटल्या.

भिंगाला ओळख पटली की बातमी आपोआप जगभर जाई आणि उडते कॅमेरे घोंगावत येत. गेल्या वर्षी खाडीत उतरलेला असाच एक भरकटलेला जीव त्यांना चुकवता चुकवता दमून मेला होता.

“ताई, सूर कुठे गेला?” बुवांनी विचारलं.

“बुवा, दीपमाळेवर दमलेला पाहुणा आलाय. कोणी वर बघू नका.”

मंडपात चुळबुळ सुरू झाली. भिंगं तर सगळ्यांच्याच डोळ्यांत होती. बुवांनी आधी स्वतःचे डोळे मिटले.

“मंडळी, डोळे मिटा आणि हलक्या आवाजात नाम घ्या.”

“एरवी तुमच्या कीर्तनात मिटतातच की, बुवा,” म्हातारे बाबलकाका पुटपुटले. थोडा हशा पिकला आणि गजर सुरू झाला.

ताईंची बोटं पेटीवर चालत होती, पण जीव दीपमाळेकडे ओढला जात होता. उडाला असेल का? की अजून धापा टाकतोय? गजर आटोपायची वेळ केव्हाच टळून गेली. थांबायचं तर कोणीतरी वर बघायला हवं होतं. बुवांनी पुन्हा पहिल्यापासून नाम धरलं आणि ताईंनी डोळे न उघडताच भाता ओढला.