रिंगणातली जागा

हेडली माळावर पोचला तेव्हा उभ्या दगडांच्या रिंगणात एकच मेंढी बसली होती, आणि ती त्याची नव्हती. म्हणजे आता नव्हती. कानावरची खूण त्याने लगेच ओळखली. वडील गेल्यावर त्यानेच विकलेल्या कळपातली ही म्हातारी मेंढी दऱ्याखोरी ओलांडून परत आली होती. आडव्या पडलेल्या दगडाच्या आडोशाला, जुना कळप संध्याकाळी बसायचा तिथेच, ती वाऱ्याकडे पाठ करून बसली होती.

त्याच्या नव्या मेंढ्या मात्र पुन्हा खाली रस्त्याकडे निघाल्या होत्या. कालच एक गाडीखाली गेली होती. बॉडमिनच्या या माळाला कुंपण नाही. आईमागे चरता चरता कोकरू आपली हद्द शिकतं आणि मरेपर्यंत ती सोडत नाही. हेडलीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी बाजारातल्या धष्टपुष्ट मेंढ्या पाहून तो भुलला होता. निदान थोड्या म्हाताऱ्या ठेव, नव्यांना वळण लावतील, असं त्याची आई मॉर्वेना म्हणाली होती. त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

त्याने जुन्या कळपाच्या खरेदीदाराला फोन लावला. म्हणशील त्या भावाने सगळा कळप परत घेतो, असं त्याला सांगितलं. पलीकडचा माणूस ओशाळला. बाकीच्या केव्हाच खाटकाकडे गेल्या होत्या. ही तेवढी पळाली होती. ती ठेव तुलाच, असं तो माणूस म्हणाला.

मॉर्वेना काठी टेकत चढून आली. त्याने सगळं सांगितलं. ती रागावली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. तिने वाकून मेंढीचा जबडा उघडून पाहिला. दात उरले नव्हते.

"हिला आता कोकरू कुठलं होतंय," हेडली म्हणाला. "ही कोणाला शिकवणार, आई?"

"कोणाला नाही." मॉर्वेना आडव्या दगडावर बसली. "तुझ्या आजोबांनी पहिला कळप आणला, तेव्हा घरातलं कोणी ना कोणी दिवसभर इथे उभं असायचं. निघाल्या मेंढ्या की वळवायच्या."

"किती दिवस?"

"कोकरांना कोकरं होईपर्यंत. माझ्याच्याने आता होणार नाही रे." तिने काठी त्याच्या हातात दिली. "जा, वळव त्यांना."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. हेडली उतारावरून धावत सुटला.

म्हाताऱ्या मेंढीने मान वर करून पाहिलं. मग अंधारून आलं तशी ती सवयीने जरा सरकली आणि तिने आडोशाला कळपातल्या इतरांसाठी जागा केली.