अजून ठरलं न्हाय

मतदार आपलं मत नेमकं कधी ठरवतो, यावर दीप्ती बारामतीच्या कॉलेजातून पीएचडी करत होती. निवडणूक चार दिवसांवर आलेली. इंदापूर तालुक्यातल्या त्या गावात तिची सदतीस घरं फिरून झाली आणि प्रत्येक घरातल्या बाईनं एकच उत्तर दिलं, "अजून ठरलं न्हाय." अख्खं गाव काठावर! दीप्तीला आभाळ ठेंगणं वाटायला लागलं.

अडतिसाव्या घरी सिंधुबाईंनीही तेच ऐकवलं, वर चहा दिला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "तुझं लगीन ठरलं का गं?"

तेवढ्यात मोहितचा आज तिसऱ्यांदा फोन आला. दीप्तीनं तो घाईघाईनं कट केला, पण गाल लाल व्हायचे ते झालेच.

"अजून ठरलं नाही, मावशी."

सिंधुबाईंनी आधी फोनकडे पाहिलं, मग तिच्या गालांकडे, मग ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे, आणि तोंडाला पदर लावून त्या खुदुखुदू हसल्या.


"मग आमचंबी तसंच लिही, बाई," त्या तिच्या कानाशी कुजबुजल्या. "ठरलंय, पण घरी सांगितलं न्हाय."