चौदावा दिवस

"ताप?" सरलाबाईंनी धक्क्यावरून विचारलं.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," दामोदरपंत जहाजाच्या तिसऱ्या डेकवरून म्हणाले. "सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ. चौदा दिवस एकच आकडा. लिहून ठेवलंय."

त्यांनी वही उंच धरून दाखवली. खाली सरलाबाई आणि मुलगा अभिराम मास्क लावून, एकमेकांपासूनही हातभर अंतर ठेवून उभे होते. दामोदरपंतांचा मास्क तर नाकावर चापून बसला होता. आज चौदावा दिवस. तब्येत निर्दोष ठरली तर आज ते उतरणार होते. बॅग भरून कठड्याशी ठेवली होती, तिच्यावर कानटोपी.

"विमानं?" त्यांनी विचारलं.

"बंद," अभिराम म्हणाला.

"रोज डोक्यावरून जातात ती?"

"मालाची आहेत बाबा."

"असू दे. उतरलो की हार्लेमला तुझ्या घरी बसू. सुरू झाली की आधी सांगली."

जहाज मूळचं सोव्हिएत. असली लांबलचक प्रवासी जहाजं पूर्व जर्मनीत एकाच साच्यातून काढली होती, व्होल्गा नदीसाठी. पुढे सोव्हिएत देशच मोडीत निघाला आणि जहाजं मिळेल त्या पाण्याला लागली. हे ॲमस्टरडॅमच्या जुन्या बंदरात, गोदामांच्या मागे, इंजिन काढून हॉटेल म्हणून बांधून ठेवलेलं. पांढऱ्या रंगाखालून रशियन अक्षरं अजून वर येत. सत्त्याहत्तर साली कारखान्याने दामोदरपंतांना ट्रेनिंगला रशियात पाठवलं, तेव्हा त्यांनी याच जातीच्या जहाजातून पाच दिवस प्रवास केला होता. तो प्रवास सरलाबाई पुढे पंचेचाळीस वर्षं त्यांच्या तोंडून करत होत्या.

त्यामुळे बावीस सालच्या जानेवारीत अभिरामकडे हार्लेमला आल्या आल्या दामोदरपंतांना खोकला झाला, चाचणी पॉझिटिव्ह आली आणि अभिरामने वेगळं राहायला हे जहाज शोधलं, तेव्हा ते हरखलेच. जिना कुठे, घंटा कुठे, डोळे मिटून सांगत होते. चौदा दिवसांसाठी आले. मग ताप अर्ध्या अंशाने चढला. पुन्हा चौदा. मग भाताचं शीत घशात जाऊन ठसका लागला. पुन्हा चौदा. असं आणखी दोनदा झालं. त्यांनी तक्रार केली नाही. टीव्ही डच बोलायचा, मोबाइल त्यांनी जन्मात बाळगला नव्हता, आणि नियमांवर त्यांची श्रद्धा जुनी होती.

पहिल्या लाटेत, सांगलीत, फोडणी देताना सरलाबाईंना एक शिंक आली होती. दामोदरपंतांनी त्यांना चौदा दिवस मधल्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी घालून. दोन गल्ल्या पलीकडे सरलाबाईंची धाकटी बहीण वसुधा आजारी होती. ती नवव्या दिवशी गेली. दामोदरपंतांनी पंधराव्या दिवशी कडी काढली आणि मग सांगितलं. आधी सांगून उगाच ताप चढला असता.

सरलाबाई रडल्या नाहीत. "नियम म्हणजे नियम," एवढंच म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या. बायको शहाणी आहे, हे त्या दिवशी दामोदरपंतांना प्रथमच पटलं.

"जेवता ना नीट?" सरलाबाईंनी आता विचारलं.

"जेवतो. मार्चपासून खालच्या दोन डेकवर नवीन लोक आणलेत. रशियन कळतं त्यांना. नुसत्या बायका आणि मुलं. मी विचारलं, नवरे कुठे? तर म्हणाल्या, मागे राहिले. म्हणजे त्यांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले असणार. रडतात बिचाऱ्या. पण मास्क एकीच्याही तोंडाला नाही."

"तुम्ही लांब राहा हो."

"सहा फूट. मोजून."

"खोकला?"

"नाही."

"वास येतो?"

"तुझ्या डब्यातली लसणीची चटणी इथवर येतेय."

अभिराम हसला. आईकडे पाहून थांबला.

"शिंक?"

दामोदरपंतांनी बॅगेकडे पाहिलं. मग पाण्याकडे.

"एक. मंगळवारी. पण ती सूपमधल्या मिऱ्याची होती."

सरलाबाईंनी डब्याचं झाकण घट्ट केलं.

"मिरी नाकात गेली, सरला. कुणालाही येईल."

"मी काही म्हटलंय का?"

"वहीत लिहिली नव्हती."

"मग सांगितलीत कशाला?"

"तू विचारलंस म्हणून."

"बाबा," अभिराम एकदम म्हणाला, "मिऱ्याची असेल तर..."

"अभी," सरलाबाई हळूच म्हणाल्या, "त्यांचं त्यांना ठरवू दे. आपल्याला काय कळतं त्यातलं."

दामोदरपंतांनी वही उघडली, मंगळवारच्या आकड्यापुढे 'शिंक' असं लिहिलं, नव्या पानावर 'दिवस पहिला' असा मथळा घातला आणि कानटोपी डोक्यावर चढवली.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

त्यांनी दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली. सरलाबाईंनी तिच्यात डबा ठेवला आणि पदराने डोळे टिपले.

"रडू नकोस गं," दामोदरपंत वरून म्हणाले. "आणि गर्दीत जाऊ नकोस. आपलं वय झालंय."

अभिरामची गाडी गोदामांना वळसा घालून बाहेर पडली. पुढच्या चौकात रविवारचा बाजार भरला होता. माणसाला माणूस घासत होतं. लोक एकमेकांचे गाल चुंबत होते, तळलेले मासे खात होते, एका बाकावर सहा-सहा जण बसले होते. मास्क एकाच्याही तोंडाला नव्हता. सरलाबाईंनी आपला काढला, नीट घडी केली आणि गाडीच्या खणात ठेवला.

"जपून वापर. दुकानातून मिळेनासे झालेत," त्या म्हणाल्या. "मी तर परवा सांगलीत असेन."

सिग्नलला अभिरामने गाडी थांबवली.

"पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, आई का नाही आली, तर?"

"सांग, आईला शिंक आली."