उसना ढोल

हॉकीच्या उपांत्य सामन्यात पिंपळगाव राजा या गावच्या मुली बुलढाण्याकडून एका गोलने हरल्या, तसा गावाहून ढोल घेऊन आलेला इंद्रभान मैदानाकडे पाठ करून बसला. दुपारी फायनलआधी बुलढाण्याचे समर्थक त्याच्याकडे आले. त्यांचा ढोल फुटला होता. “काका, तुमचा देता का?” त्यांचे हसरे चेहरे पाहून त्याचा जळफळाट झाला. “आमच्या पोरींसाठी आणला हा. तुमाले काऊन देऊ?” त्याची गोलकीपर लेक अर्पिता म्हणाली, “आपण नाही तं आपला ढोल तरी फायनलले जाऊ द्या, बाबा.” त्याने दिला. पण ढोलावर परका हात पडलेला त्याला पाहवेना. “सरक बे!” म्हणत त्याने तो स्वतःच्याच गळ्यात अडकवला. बुलढाण्याने गोल केला. अर्पिता टाळ्या वाजवतच हुंदके देऊ लागली. ते कोणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून इंद्रभान जोरजोरात ढोल बडवत राहिला.