ऐंशीवर अडलेली बॅटरी

येसाजीरावांच्या इलेक्ट्रिक बाईकची बॅटरी आजही ऐंशी टक्क्यांवरच अडली. शेजाऱ्यांचा चार्जर लावूनही आकडा हलेना, तेव्हा दोष बॅटरीतच आहे हे त्यांच्या लेकीला, वनजाला, कळून चुकलं. तिने घरात काढून आणलेल्या बॅटरीच्या खोक्यावर हात ठेवला. प्लास्टिक फुगलं होतं, चटका बसला. “आप्पा, आतला सेल गेलाय. प्लग काढते.” “बेडा, बेडा! नको काढू, भरू दे,” येसाजीराव ओरडले. “तुझी अम्मा देवराज मोहल्ल्यातल्या इस्पितळात वाट बघत असेल.” तेवढ्यात खोक्यातून गळतीचा गोडसर वास आला. वनजाने प्लग उपटला, गोणपाटात गुंडाळून बॅटरी अंगणातल्या वाळूवर फेकली. ती मागे सरते तोच धूर निघाला, ज्वाळा उसळल्या. येसाजीराव दारात थिजून उभे होते. “रोज रात्री उशाशीच चार्जिंगला लावत होतो,” ते पुटपुटले. वनजाने त्यांचा हात घट्ट धरला. “अम्माला सांगू नको,” ते म्हणाले. “घाबरेल, आणि भेटायला येऊच नको म्हणेल.”