शंभर टक्के हजेरी

‘हाव, जेवलो,’ लोहा गावातल्या सर्व्हरचं उत्तर पडद्यावर उमटलं. प्रियदर्शनीचे बाबा, नरसिंग, जाऊन नऊ दिवस झाले होते.

ती लातूरच्या एका कोचिंग क्लासचं जावा सॉफ्टवेअर सांभाळायची. हजेरी, चाचण्या, निकाल अशी सगळी सुटी मॉड्यूल. एक काढलं तरी बाकीची चालू. त्यांत तिनं गुपचूप आणखी एक बसवलं होतं. ते दर दहा मिनिटांनी लोह्याच्या घरातल्या कॉम्प्युटरकडे एक पान मागायचं. एकट्या राहणाऱ्या बाबांनी त्या पानावर खुशाली लिहायची, एवढंच. घाईत एक चूक राहिली होती: आलेलं उत्तर क्लासच्या हजेरीतही धरलं जायचं.

बाबा पहाटे जेवलेले असत, दुपारी चारलाही जेवलेले असत. ती हसायची. आता कळलं होतं, त्यांनी उत्तर एकदाच लिहून कायमचं ठेवून दिलं होतं. आपली बोळवण केली बाबांनी. नऊ दिवस तेवढंच सलत होतं.

क्लासचे मालक आदर्श सर घाईत आत आले. “मॅडम, हा नरसिंग कुठल्या बॅचचा? वर्षभरात एक खाडा न्हाई! फोटो द्या, बॅनरवर टाकू.”

“सर, ते माझे वडील.”

“मग काय झालं? वयाची अट न्हाई आपल्याकडं.”

“ते वारले.”

सरांनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. “तरी हजर?” मग म्हणाले, “काढा त्यांना. बाकीच्या पोरांवर ताण येईल.”

तिचा हात अडला. भूकंपात बाबा ढिगाऱ्याखाली अडकले होते. वरून बसवंतकाका हाका मारत, खालून बाबा ‘हाव’ म्हणत. मग हाका थांबल्या. काकांवरच भिंत कोसळली होती. बाबा वाचले. ‘हाव’ म्हणायची सवय तेवढी लागली, असं घरातले म्हणायचे.

तिनं मॉड्यूल काढलं. बाकीची चालूच राहिली.

अर्ध्या तासानं फोन आला. लोह्याच्या शेजारीण भामाबाई धापा टाकत होत्या. मागं कर्कश घंटी वाजत होती.

“पोरी, बरी हायेस न्हवं?”

“हो मावशी. काय झालं?”

“अगं, तुझ्या बापाची मशीन बोंबलून राहिली! त्यानं बजावून ठेवलंय, ही वाजली की आधी लातूरला फोन लाव, लेकीची हाक थांबलीय.”